हसवणारा गंभीर चेहरा

१९८० चा ‘एअरप्लेन!’ पुन्हा पाहिला आणि पोट धरधरून हसलो. तो बनवताना जिम अब्राहम्स आणि झकर बंधूंनी १९५७ च्या ‘झीरो अवर!’ या गंभीर चित्रपटाचे हक्क रीतसर विकत घेतले. कथानकच काय, नायकाचं टेड स्ट्रायकर हे नावही तेच ठेवलं. नटही घेतले ते लेस्ली नील्सनसारखे, भारदस्त भूमिकांत मुरलेले. नील्सनचा डॉक्टर कॉकपिटमध्ये डोकावून धीर देतो. विमान उतरल्यावरही तो पुन्हा येतो. तेच शब्द, तोच करारी चेहरा. त्याला यात काहीच विनोदी वाटत नाही, म्हणून तर आपली मुरकुंडी वळते.

पुढे विडंबनपटांचा हा प्रकार पातळ होत गेला. २००७ च्या ‘एपिक मूव्ही’त गाजलेल्या पात्राच्या वेशात कुणी आलं, की झाला विनोद! हे मला मनापासून खटकतं. ‘झेंडूची फुले’मधली विडंबनं लिहिणाऱ्या अत्र्यांना, ज्यांची थट्टा केली त्या कवींची लकब न् लकब ठाऊक होती. विडंबनाला एवढा अभ्यास लागतोच. म्हणून २०२५ च्या ‘द नेकेड गन’मध्ये लियम नीसनला पाहून फार बरं वाटलं: मारधाडपटांतला तोच खर्जातला आवाज, कपाळावरच्या त्याच आठ्या.