हवा हवी, पण कुठली?

“पेट्रोल पंपावर भरून घे ना, फुकट मिळते!” एअर रायफल घेतली म्हटल्यावर ग्रुपमधल्या एकाचा हा पहिला सल्ला. मीही मान डोलावली होती. मग कळलं, कारच्या टायरमध्ये असते ३०-३२ पीएसआय हवा आणि माझ्या सेकंड हँड मॅच रायफलच्या सिलिंडरला लागते २०० बार, म्हणजे २९०० पीएसआय. जवळजवळ नव्वद पट!

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचं वर्ल्ड टायटल जिंकलं, ते बघून रेंजवर जायला लागलेल्या पब्लिकपैकी मी एक. क्लबची रायफल होती तोवर हवेचं टेन्शन नव्हतं. पण काम संपवून मी पोचते तेव्हा कॉम्प्रेसर चालवणारे काका घरी गेलेले असतात. म्हणजे स्वतःची रायफल, तर हवाही स्वतःची.

सगळ्यात स्वस्त म्हणून हातपंप घेतला. दिसायला सायकलच्या पंपासारखा, पण दीडशे बारनंतर दांड्यावर अख्खी मी लटकायचे. जिमचे पैसे वाचले, असा माझा फंडा! जुलैत मात्र गोळ्या वर-खाली जायला लागल्या. वाटलं, माझाच श्वास चुकतोय. पंधरा दिवस स्वतःला शिव्या घातल्या. मॅच चार दिवसांवर आली तेव्हा कोचसरांनी सिलिंडर काढून उलटा धरला, टिश्यूवर जरा हवा सोडली आणि टिश्यू चक्क ओला!

हिशेब सरळ आहे. ७० बारवर आलेला ०.२ लिटरचा सिलिंडर २०० पर्यंत न्यायला बाहेरची सुमारे २६ लिटर हवा दाबावी लागते. पावसाळ्यातल्या तेवढ्या हवेत अर्धा ग्रॅम तरी पाणी असतं, म्हणजे दहाएक थेंब. हवा इतकी दाबली की वाफेचं पाणी होणारच. ते फिल्टरने अडवलं नाही तर जातं रेग्युलेटरपर्यंत. दर शॉटला सारखाच दाब देणं हे रेग्युलेटरचं काम, आणि टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा! माझ्या पंपातले सिलिका जेलचे निळे दाणे कधीच गुलाबी झाले होते. मी ते बदललेच नव्हते. चूक माझीच, बिलही माझंच.

बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर बघितला. तापतो, ओरडतो आणि ओलाव्याचा प्रश्न तोच, वेगळा फिल्टर लावाच. आमच्या शेजारच्या काकूंना मिक्सरचा आवाज सहन होत नाही, त्यामुळे विषय कट.

मग मामा म्हणाला, “अगं, २०२१ मधला तो ऑक्सिजनचा सिलिंडर माळ्यावर पडलाय की! कोरडा असतो ना तो?” कोरडा असतो, पण दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीसचा एक ठिपका एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. रायफलमध्ये फक्त हवाच. मामाला हे दोनदा सांगितलं, तरी तो मला भित्री समजतो. असो.

उरला स्कूबाचा सिलिंडर. श्वासासाठीची हवा, त्यामुळे भरतानाच कोरडी आणि तेलविरहित केलेली. १० लिटरचा, २०० बारचा घेतला तर गंमत अशी, की दोन्हीकडचा दाब समान झाला की हवा थांबते. दहाव्यांदा भरताना रायफल १७७ च्या आसपासच अडकते. ३०० बारचा घेतला तर तीसेक वेळा पूर्ण २०० मिळतात. फक्त व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा आणि नजर गेजवर. २०० झाले की बंद. टेस्टची मुदत संपलेला सिलिंडर मात्र कोणी शहाणा भरून देणार नाही. सेकंड हँड रायफल घेणाऱ्यांनो, तिच्या सिलिंडरवरची तारीखही बघा. मी पैसे दिल्यावर बघितली. दोन वर्षं उरली होती, नशीब!

ती मॅच मी क्लबच्या रायफलवर खेळले. स्कोअर विचारू नका. आता क्लबमधल्या आम्ही तिघींनी कॉन्ट्री काढून ३०० बारचा घ्यायचं ठरवलंय. ठेवायचा माझ्याकडे, कारण माझं घर रेंजच्या जवळ. तिसऱ्या मजल्यावर. आणि आमची लिफ्ट गेल्या सोमवारपासून बंद आहे.