किंमत उतरते, खर्च उतरत नाही

२५ लाखांत नवी हॅरियर घ्यायची, की तेवढ्याच पैशांत सात-आठ वर्षं वापरलेली ऑडी क्यू७ दारात आणायची? पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, कुठेही जा, चार पैसे गाठीला लागलेल्या घरात कधी ना कधी हा विषय निघतो. आणि तो निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतं, ‘घसारा पहिल्या मालकाने भरला, आता मजा आपली.’ दुसरं म्हणतं, ‘जुनी जर्मन गाडी म्हणजे पांढरा हत्ती, नादाला लागू नका.’ दुसरं मत अर्धवट आहे. पहिलं मात्र मला धोक्याचं वाटतं, कारण त्याच्या भरवशावर लोक कर्ज काढतात.

आधी त्याचाच समाचार घेऊ. नवी असताना ऑन-रोड ८०-९० लाखांना पडलेली गाडी सात-आठ वर्षांत पाव-तिहाई किमतीवर येते, हे खरं आहे. पण किंमत उतरली ती अख्ख्या गाडीची. सुट्या भागांची उतरलेली नाही. एअर सस्पेन्शनचा शॉकअप, त्याचा कॉम्प्रेसर, गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट, टर्बो, मॅट्रिक्स हेडलाइट यांतलं काहीही मागवायला गेलात तर काउंटरवरचा माणूस तुमची गाडी कितीला घेतली हे विचारत नाही. ८० लाखांच्या गाडीच्या भागाला जो भाव असतो तोच लागतो, आणि दरवर्षी तो थोडा वाढलेला असतो. एक हेडलाइट लाखाच्या पुढे जातो. म्हणजे गाडी २५ लाखांची झाली तरी तिला पोसायचा खर्च ८० लाखांच्या गाडीचाच राहतो. उलट वयाबरोबर तो वाढतो, कारण पहिल्या मालकाने जी वर्षं वापरली ती वॉरंटीतली होती. घसारा त्याने भरला हे कबूल. दुरुस्तीची वर्षं मात्र त्याने तुमच्यासाठी ठेवली.

विम्याकडे तर बहुतेक जण बघतच नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे. विमा कंपनी गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठीची किंमत, धरते ती आजच्या बाजारभावाच्या आसपास. समजा ती २० लाख आहे. अपघात झाला आणि दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर आपल्याकडच्या मोटार विम्याच्या नियमांनुसार गाडी टोटल लॉस धरली जाते. नव्या गाडीत ज्याला आपण ‘पुढचा भाग ठोकला’ म्हणू, तेवढ्या धक्क्यात इथे बॉनेट, दोन हेडलाइट, रेडिएटर, सेन्सर, एअरबॅग मिळून १५ लाखांचा आकडा ओलांडला जाऊ शकतो. गाडी जाते, आणि भरपाईची रक्कम आधी कर्ज फेडण्यात जाते. त्याहून लहान दावा केला तर घसाऱ्याचा तक्ता पुढे येतो: प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के कपात, पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. ही कपात वाचवणारं झिरो डेप कव्हर बहुतेक कंपन्या गाडीचं वय पाच वर्षांच्या पुढे गेलं की द्यायला कां-कू करतात. शिवाय आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो. गाडीबरोबर तो तुमच्याकडे येत नाही. हे सगळं गाडी बघायला जाण्याआधी विमा एजंटला एक फोन केला तर कळतं. तो फोन लोक गाडी घेतल्यावर करतात.

दुसरा युक्तिवाद मेकॅनिकचा. ‘कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचंच कशाला? बाहेर अर्ध्या पैशांत होतं.’ यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. पुण्या-मुंबईत जर्मन गाड्यांवर वर्षानुवर्षं हात बसलेले मेकॅनिक आहेत. नाना पेठेत, कुर्ल्यात सुटे भाग मिळतात. तेल, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश अशा कामांत अर्धे पैसे खरंच वाचतात. पण या गाड्यांतली कितीतरी इलेक्ट्रॉनिक युनिट्स त्या-त्या गाडीशी कोडिंग करून जोडलेली असतात. जुन्या गाडीतून काढलेलं युनिट नुसतं बसवून चालत नाही. त्यासाठी योग्य सॉफ्टवेअर लागतं आणि ते हाताळणारा माणूस लागतो. असा माणूस मुंबईत आहे, पण तुम्ही लातूरला राहता का, परभणीला राहता का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गाडी फ्लॅटबेडवर चढवून शेकडो किलोमीटर न्यायची असेल तर ‘बाहेर स्वस्तात होतं’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण तो मांडणारा माणूस बहुतेकदा बायको-मुलांचा, आई-वडिलांचा विचार करत असतो. जाड पत्रा, सात-आठ एअरबॅग, उत्तम ब्रेक, १२०च्या वेगातही न डगमगणारी बैठक, हे त्या गाड्यांचं मोठेपण आहेच. दहा वर्षांपूर्वी मीही याच मुद्द्याला मान दिली असती, कारण तेव्हा १५-२० लाखांच्या देशी गाडीत यातलं फारसं मिळत नव्हतं. आज चित्र बदललं आहे. महिंद्राच्या एक्सयूव्ही७००ला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे मिळाले. टाटाच्या हॅरियर आणि सफारी यांना २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये पाच आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्येही पाच. मग जुन्या गाडीच्या बाजूने सुरक्षिततेचा दावा करताना तिची आजची अवस्था धरायला हवी. शोरूममधून निघाली तेव्हाची अवस्था धरून उपयोग नाही. टायर बघा. बाजूवर डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. ३२१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर शिल्लक दिसते, पण बोटाने दाबून बघितलं की रबर कडक लागतं आणि बाजूला बारीक भेगा दिसतात. अशा चार टायरांवर, निकामी होत आलेल्या शॉकअपवर समृद्धी महामार्गाने जाणारी दोन टनांची गाडी नव्या हॅरियरपेक्षा सुरक्षित आहे असं मला कुणी सांगू नये. चारही टायर, डिस्क, पॅड, शॉकअप नव्याने टाकल्यावरच ती पुन्हा सुरक्षित होते, आणि त्याचे पैसे वेगळे लागतात.

आता दिल्लीच्या गाड्यांबद्दल. ‘दिल्ली पासिंग आहे, म्हणून इतकी स्वस्त’ हे वाक्य ऐकून अनेकांचे डोळे चमकतात. ती स्वस्त का आहे ते समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली आणि आसपासच्या भागात मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असं सांगितलं, पण तोवर कित्येक मालकांनी मुदत संपण्याआधीच गाड्या बाहेर काढल्या होत्या. अशी गाडी महाराष्ट्रात आणली की तिकडची एनओसी, इथली तपासणी, नवा नंबर आणि गाडीच्या वयानुसार इथला रोड टॅक्स हे सगळं तुमच्या गळ्यात येतं. दलाल ‘टॅक्स परत मिळतो’ म्हणतो. तो मिळतो दुसऱ्या राज्याच्या आरटीओकडून, अर्ज करून, पाठपुरावा करून. पुदुच्चेरीच्या नंबरच्या महागड्या गाड्यांचंही तेच. महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीला २० लाखांच्या पुढे १५ टक्के आणि कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के कर आहे. तो चुकवायला कुणीतरी तिकडचा पत्ता दाखवला, आणि नंतर पकडला जाण्याची वेळ आली तेव्हा गाडी विकायला काढली. त्याचं ओझं तुम्ही का घ्यायचं?

किमतीच्या घासाघाशीत आणखी एक गोष्ट विक्रेते मुद्दाम बोलत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी आणि सेस मिळून जो ५० टक्क्यांपर्यंत भार होता, तो ४० टक्क्यांवर आला. नव्या गाड्यांच्या किमती त्यामुळे उतरल्या. विक्रेता मात्र २०२२चं इनव्हॉइस टेबलावर ठेवतो आणि त्यातून किती लाख कमी केले ते दाखवतो. तुलना आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी करा. जीएसटी-नोंदणी असलेला विक्रेता जुन्या गाडीवर जो १८ टक्के कर भरतो तो त्याच्या नफ्यावर असतो, पूर्ण किमतीवर नाही. ‘वर जीएसटी लागेल’ म्हणून कुणी पूर्ण रकमेवर हिशोब मांडत असेल तर तिथूनच उठा.

इथवर वाचून पांढरा हत्ती म्हणणाऱ्यांना वाटेल, आपलंच म्हणणं सिद्ध झालं. तसं झालेलं नाही. त्यांचा आक्षेप गाडीवर आहे. माझा आक्षेप ती गाडी कुठल्या पैशाने घेतली जाते यावर आहे. या गाड्या वाईट बनलेल्या नाहीत. बीएमडब्ल्यू, ऑडी, लँड रोव्हरमध्ये सर्रास वापरला जाणारा झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा गिअरबॉक्स हा आजवरच्या सर्वोत्तम ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपैकी एक आहे. मग तो जुन्या गाडीत झटके का देतो? पुष्कळदा कारण साधं असतं. गाडीच्या कंपनीने त्याचं तेल ‘आयुष्यभराचं’ म्हणून सांगितलं, तर खुद्द झेडएफ साधारण ८० हजार ते सव्वा लाख किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. ज्याने बदललं त्याचा गिअरबॉक्स दोन-अडीच लाख किलोमीटरही लोण्यासारखा चालतो. ज्याने नाही बदललं त्याची गाडी आज विक्रीला उभी आहे. डिझेल बीएस-६ गाड्यांच्या डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचीही गोष्ट तीच. शहरातल्या शहरात पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की तो फिल्टर काजळीने तुंबतो. आठवड्यातून एकदा महामार्गावर तासभर सलग चालवली तर स्वतःला जाळून साफ करतो. म्हणजे बिघाडाचं खापर यंत्रावर फोडण्याआधी वापर बघावा. ज्याचं रोजचं चालणं शहरातलं आहे त्याने पेट्रोल घ्यावं, एवढाच याचा अर्थ.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. जुनी लक्झरी एसयूव्ही जरूर घ्यावी, पण ती नवी घेण्याची ऐपत जवळपास आलेल्या माणसाने. ज्याला ६० लाखांची नवी गाडी ओढाताण करून घेता येईल, त्याने तीन-चार वर्षांची, एकाच मालकाची, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असलेली गाडी ३५ लाखांत घ्यावी. हा उत्तम व्यवहार आहे, आणि पांढऱ्या हत्तीची भीती घालून त्याला कुणी अडवू नये. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी या कंपन्या स्वतःच तपासलेल्या जुन्या गाड्या वॉरंटीसह विकतात. तिथे दोन-तीन लाख जास्त पडतील, ते द्यावेत. ज्याची झेप २५ लाखांपर्यंतच आहे आणि त्यातलेही १८ लाख कर्जाचे आहेत, त्याने ही गाडी घेऊ नये. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा चढा असतो, आणि हप्ता चालू असताना तीन लाखांचं दुरुस्तीचं बिल आलं की माणूस ते पुढे ढकलतो. ढकललेली दुरुस्ती शेजारचा भाग खाते. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून, एका बाजूला कललेल्या अशा गाड्या मी बघतो तेव्हा मला गाडीचं वाईट वाटत नाही. त्या घराचं वाटतं. त्या हप्त्यांत मुलीच्या इंजिनीअरिंगची फी गेलेली असते.

‘आयुष्यात एकदा तरी’ ही इच्छा मी हलकी मानत नाही. आपल्याकडे अशा इच्छेला पटकन ‘मिजास’ म्हणतात, आणि ते मला पटत नाही. बापाने लुनावर आयुष्य काढलं त्या मुलाला लँड रोव्हर हवी वाटणं यात गैर काही नाही. फक्त त्या इच्छेने सौद्याच्या दिवशी बोलू नये. गाडीच्या किमतीच्या निदान १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवलेली असेल आणि ती गाडीवर गेली तरी घरातलं काही अडत नसेल, तर घ्या आणि मनसोक्त चालवा.

घ्यायची ठरलीच तर गाडी सकाळी बघायला जा, आणि रात्रभर जिथे उभी होती तिथेच बघा. एअर सस्पेन्शन गळत असेल तर एक कोपरा खाली बसलेला दिसतो. विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवली असेल तर हे कळणार नाही, कारण कॉम्प्रेसर दोन मिनिटांत तिला उचलून धरतो. बॉनेटवर हात ठेवा, ते गार लागलं पाहिजे. थंड इंजिनच्या पहिल्या चार सेकंदांत टायमिंग चेनची खडखड ऐकू येते, नंतर तेल चढलं की लपते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरातून निघालेल्या गाडीचं सगळं धुतलं जातं, पण बेल्टच्या आत गुंडाळलेल्या टोकावर गाळाची रेघ राहून जाते. ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅन करून घ्या. किलोमीटरचा आकडा मीटरबरोबरच इतर युनिट्समध्येही नोंदला जात असतो, आणि मीटर मागे फिरवणारा सगळीकडे पोचतोच असं नाही. विमा कंपनीकडचा दाव्यांचा इतिहास मालकाकडूनच मागा. वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि चलनं बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० त्याच आठवड्यात आरटीओत गेले पाहिजेत आणि पॉलिसी १४ दिवसांत तुमच्या नावावर झाली पाहिजे. यातली एखादी गोष्ट करू द्यायला विक्रेता कुरकुरत असेल, तर गाडी कितीही देखणी असो, परत या आणि दुसरी बघा. बाजारात तशा गाड्या भरपूर आहेत.