गरब्याच्या राणीला मत आहे का?

नागपुरातलं लकडगंज म्हणजे आरागिरण्या, लाकडाच्या वखारी आणि त्या धंद्यापायी कच्छ-गुजरातहून येऊन इथलीच झालेली घरं. नवरात्रात इथला गरबा रंगतो. मुलींच्या पाठीला नंबर टाचलेले, परीक्षकांच्या हाती पॅड. उत्कृष्ट वेशभूषा, उत्कृष्ट नृत्य आणि शेवटी गरबा क्वीन. समाजाच्या मुली पुढे याव्यात म्हणून हा खटाटोप, असं संयोजक सांगतात. हेतूवर शंका नाही. पण मुलगी पुढे येते ती कुठवर? स्टेजपर्यंत. वर्गणी किती ठेवायची, मैदान कुणाला द्यायचं, हे ठरतं त्या बैठकीत तिला सहसा मत नसतं. अमेरिकेतल्या मिनेसोटात, लाओसहून निर्वासित होऊन गेलेल्या ह्मोंग समाजातही तरुणींच्या अशा स्पर्धा होतात. २००२ मध्ये त्या समाजातली एक महिला वकील राज्याच्या सिनेटवर गेली; पण तिला तिथे नेलं मतदारांनी, मुकुटाने नव्हे.

आणि तेवढ्यासाठी मिनेसोटा कशाला? २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. बाबासाहेब आंबेडकर बोलायला होते, पण अध्यक्षस्थानी होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या आणि त्यांनी ठराव केले: घटस्फोटाचा हक्क द्या, बहुपत्नीत्व बंद करा, गिरणीतल्या बायांवर देखरेखीला बाईच नेमा, कायदेमंडळात राखीव जागा ठेवा. एम्प्रेस मिलच्या या शहरात गिरणीची मागणी हवेतून आलेली नव्हती. परिषदेच्याही वीस वर्षं आधी, १९२२ मध्ये, याच समाजातल्या जाईबाई चौधरींनी इथे मुलींची शाळा काढली होती. या बायांना कुणी पोशाखाचे गुण दिले नव्हते. अध्यक्षपद, ठराव आणि शाळा त्यांच्या हातात होती, म्हणून त्या पुढारी.

कुणी म्हणेल, नाचगाण्यात राजकारण कशाला? चारचौघांत माइक धरायचं धाडस मुलीला स्टेजच देतं. देतं, कबूल. म्हणूनच स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही; बक्षीस बदला म्हणतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: खुर्ची बाईची, कारभार नवऱ्याचा. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा मिळाल्या २०११ पासून, आणि सरपंचपतीही आपण पाहिले. तरी सही तिचीच लागते, आणि सही करणारी आज ना उद्या कागद वाचायला लागते. शाल-श्रीफळ घेऊन घरी गेलेलीला तीही सोय नाही. राहिलं ते ‘मुलगी काय, लग्न होऊन जाणार’. मुलगेही पुणे-बंगळुरूला जातातच की. त्यांची नावं मंडळाच्या यादीतून कुणी काढत नाही.

तेव्हा यंदा एवढंच करून बघावं. अंतिम फेरीत मंडळाचा गेल्या वर्षीचा जमाखर्च मुलींच्या हाती द्यावा आणि प्रश्न त्यावर विचारावेत. जिंकणारी अठरा वर्षांची असेल तर तिला वर्षभरासाठी कार्यकारिणीत घ्यावं, मतासकट. मंडळाची घटना आडवी येत असेल तर ती दुरुस्त करावी आणि धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा. पदाधिकारी बदलले की मंडळं तो देतातच.