पॉझिटिव्ह म्हणजे निदान नव्हे

डोळ्याच्या पडद्यावर सूज दिसली की टॉक्सोप्लाझ्मासाठी रक्त तपासायला सांगतात आणि आयजीजी पॉझिटिव्ह आले की निदान पक्के झाले असे अनेकदा धरले जाते. ही घाई आहे. हा परजीवी शरीरात कधीतरी शिरला होता, एवढेच आयजीजी सांगते. ही प्रतिपिंडे बहुधा जन्मभर टिकतात आणि कोट्यवधी धडधाकट माणसांतही सापडतात. उलट, प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसाचा निगेटिव्ह अहवाल फार मोलाचा, कारण त्याने हा आजार जवळजवळ बाद होतो. आयजीएम हे दुसरे प्रतिपिंड ताजा संसर्ग सुचवते: २००४ मध्ये कोइमतूरला असे रुग्ण एकाएकी वाढले तेव्हा या चाचणीचा उपयोग झाला, संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. पण जुना व्रण पुन्हा पेटतो तेव्हा आयजीएम सहसा नसतेच. टॉक्सोकारा या जंताची तऱ्हा आणखी वेगळी. डोळ्यात आजार असूनही रक्तात प्रतिपिंडे नगण्य असू शकतात.

रक्तावर विसंबायचे नाही, तर डोळ्यातला द्रव सुईने काढून तपासण्याची सोय तालुक्याला कुठली, असे कोणी विचारील. रास्त आहे. पण बाहुली मोठी करून पडदा नीट पाहणे त्याहून सोपे, आणि ठसठशीत व्रण बहुतेक वेळा त्यातच ओळखू येतो. उपचारांचा गुणही तिथेच दिसतो. त्यासाठी दर महिन्याला आयजीजीचे आकडे मोजणे म्हणजे रुग्णाच्या खिशाला निव्वळ भुर्दंड.