दोन गाड्यांसाठी बावीस सायकली

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण कोथरूडात राहत असाल तर शेवटपर्यंत वाचा, आणि राग आला तर खाली मोकळेपणाने लिहा.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. विषय क्रमांक तीन: गच्चीवर वाळवणं घालू द्यायची की नाही. चर्चा पाऊण तास. विषय क्रमांक चार: जिन्याशेजारचा सायकल स्टँड काढून तिथे दोन चारचाकींची जागा करणे. चर्चा सात मिनिटं. ठराव बहुमताने मंजूर, विरोधात आम्ही तिघं. कारण काय, तर सायकली नुसत्या धूळ खातात.

सभा संपल्यावर मी खाली जाऊन मोजल्या. बावीस सायकली. त्यातल्या सात खरोखर धूळ खात होत्या, खोटं कशाला बोलू? उरलेल्या पंधरांपैकी दहा मुलांच्या, दोन दोघा आजोबांच्या, एक वॉचमन काकांची, एक माझी. आणि एक त्या मुलाची, जो रोज पहाटे साडेपाचला येऊन आपल्या गाड्या पुसतो. म्हणजे ज्याच्या हातून गाड्या चकचकीत होतात, त्याच्या सायकलला आता आवारात जागा नाही. तो ती गेटबाहेर, विजेच्या डीपीला टेकवून ठेवतो.

याच मुलाला दोन महिन्यांपूर्वी आमच्याच गल्लीत एका उभ्या गाडीचं दार लागलं. आतल्याने मागे न बघता दार उघडलं, हा सायकलसकट आडवा. मनगट मोडलं. तीन आठवडे काम नाही, म्हणजे तीन आठवडे पैसे नाहीत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या काळात जे मेसेज आले, त्यात "कसा आहे तो?" हे विचारणारे दोन होते आणि "गाडीवर किती धूळ बसलीये, बदली माणूस बघा" असे सहा. नावं घेत नाही. आपण सगळे शेजारी आहोत, उद्या जिन्यात भेटायचंय.

हे सगळं एका सोसायटीचं गाऱ्हाणं म्हणून लिहीत नाहीये. आमच्या सभेत सात मिनिटांत जे झालं, तेच या शहरात गेली तीस वर्षं सावकाश होत आलंय.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, हे आता आपण नव्या माणसाला पुरणपोळीच्या आठवणीसारखं सांगतो. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले तर पोलीस अडवायचा, तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचं कॉलेज सायकलवर झालं. मग 2018 मध्ये बातमी आली की पुण्यातल्या नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेली. आपण ती बातमी वाचली, "अरे बापरे" म्हटलं आणि पुढच्या दसऱ्याला नवी गाडी बुक केली.

योजना नव्हत्या असं नाही. महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण केलं. डिसेंबर 2017 मध्ये मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केला. शेकडो किलोमीटरचे मार्ग, स्टँड, भाड्याच्या सायकली, सगळं कागदावर. त्याच सुमाराला रंगीत भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्याही. दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. काही नाल्यात सापडल्या, काहींची चाकं गेली. आपण म्हणालो, "बघा, पुणेकरांना सायकल नकोच." अहो, पण चालवायची कुठे होती ती? आराखड्यातला मार्ग जिथे झाला तिथे त्यावर टपरी, त्याच्यापुढे रिक्षा, त्याच्यापुढे झाड, आणि उरलेल्या जागेत आपली पार्क केलेली गाडी.

2018 च्या मार्चमध्ये पार्किंग धोरणही मंजूर झालं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे द्या, एवढंच साधं तत्त्व. इतका गदारोळ झाला की सुरुवातीला फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग करू असं ठरलं. तो प्रयोग तुम्ही कुठे बघितला असेल तर मला कळवा, मी पेढे घेऊन येतो.

आता पैशांचं बोलू, कारण पुण्यात भावनेपेक्षा हिशोब लवकर पटतो.

त्याच रविवारी सकाळी मी आमच्या गल्लीत टेप घेऊन उतरलो. कुंपण ते कुंपण रस्ता नऊ मीटर. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, एकूण 31. एक गाडी आजूबाजूच्या फटीसकट पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद जागा धरते, म्हणजे दहा चौरस मीटर. एकतीस गाड्यांचे झाले 310 चौरस मीटर. फुटांत सांगायचं तर साधारण 3,300 चौरस फूट, म्हणजे साडेपाचशे फुटांचे सहा फ्लॅट. कोथरूडात. फुकट. रोज. चोवीस तास. मधे उरलेल्या पाच मीटरमध्ये येणारी गाडी, जाणारी गाडी, स्विगीवाला, कचऱ्याची गाडी, शाळेची व्हॅन, पोळ्यांच्या कामाला निघालेल्या मावशी आणि काठी घेतलेले जोशी आजोबा, सगळ्यांनी मावायचं.

याच गल्लीच्या तोंडाशी एक बाई हातगाडीवर भाजी विकायच्या. त्यांची गाडी रस्त्याला अडथळा म्हणून अतिक्रमणवाल्यांनी उचलली. कायद्याने बरोबर असेल. पण त्यांच्या शेजारीच कव्हर घातलेली एक सेडान गणपतीपासून हललेली नाही. मालक मुलीकडे अमेरिकेत आहेत. बाईंची हातगाडी दिवसाला दोनशे माणसांच्या उपयोगी पडत होती, ती अतिक्रमण. ही गाडी सहा महिन्यांत कोणाच्याही उपयोगी पडली नाही, ती मात्र प्रतिष्ठा. हा न्याय कुठल्या पुस्तकातला?

"रस्ते रुंद करा, पूल बांधा" हे उत्तर आपल्याला तोंडपाठ आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतोय? कोंडी फुटावी म्हणून बांधला, आणि दीड दशकही पूर्ण व्हायच्या आत, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पाडला. नळस्टॉपचा पूल 2022 मध्ये सुरू झाला. वरून मेट्रो, मधून पूल, खालून रस्ता, तीन मजली व्यवस्था. संध्याकाळी सात वाजता पूल उतरतो तिथे उभं राहून बघा. कोंडी फुटली नाही, पुढच्या सिग्नलला जाऊन बसली. आता बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीतून काढायचा म्हणतात. टेकडीची झाडं गेली, पाण्याचे झरे गेले, तरी तो रस्ता शेवटी उतरणार कुठे? आधीच तुंबलेल्या पौड फाट्यावरच ना? बादलीत पाणी मावत नाही म्हणून नळाचा पाइप मोठा करण्यासारखं आहे हे.

यात गूढ काही नाही. रस्ता मोकळा झाला की काल जो बसने जात होता तो आज गाडी काढतो. परवा त्याचा शेजारी काढतो. वर्षभरात रस्ता पुन्हा भरतो. गाडीत बहुतेक वेळा एकच माणूस असतो, आणि तीन गाड्यांच्या लांबीत पीएमपीची एक बस मावते, ज्यात पन्नास-साठ माणसं जातात. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच लिहून ठेवलंय की रस्त्याचं नियोजन माणसांसाठी करा, वाहनांसाठी नको. हे मी शोधून काढलेलं तत्त्वज्ञान नाही, केंद्र सरकारचा कागद आहे. जुना झालाय, एवढंच.

आता शाळेकडे या. माझी मुलगी सहावीत आहे. शाळा घरापासून दीड किलोमीटर, सायकलने आठ-दहा मिनिटं. ती रोज विचारते, "बाबा, मी एकटी जाऊ सायकलवर?" आणि मी रोज नाही म्हणतो. का? शाळेसमोर सकाळी सात वाजता एवढ्या गाड्या असतात की भीती वाटते. आणि त्या गाड्या कोणाच्या? माझ्यासारख्याच बापांच्या, ज्यांना शाळेसमोरच्या गाड्यांची भीती वाटते म्हणून ते मुलांना गाडीने सोडतात. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाडीपासून पोराला वाचवायला स्वतःची गाडी काढतोय. मी आठवीत असताना लकडी पुलावरून एकटा सायकलने फिरत होतो. माझ्या मुलीला दीड किलोमीटरचं स्वातंत्र्य मी देऊ शकत नाही, आणि तिच्यासाठी मी नव्या गाडीत सहा एअरबॅग बघतोय. लाज वाटते लिहिताना.

ठरलेले आक्षेप येणारच, म्हणून आधीच उत्तरं देतो.

"तुझ्याकडे गाडी नाही का?" आहे. आईला डॉक्टरकडे न्यायला, गावी जायला लागते. गाड्या जाळून टाका असं मी म्हणत नाहीये. दूध आणायला चारशे मीटर गाडी काढू नका आणि ती लावायच्या जागेचे पैसे द्या, इतकंच म्हणतोय. माझ्यासकट.

"सायकलवाले सिग्नल पाळत नाहीत." नाही पाळत काही जण, आणि ते चूकच आहे. पण चुकलेला सायकलवाला बहुतेक वेळा स्वतःचा गुडघा फोडून घेतो. दीड टनाची गाडी चुकली की दुसऱ्याच्या घरात सुतक पडतं. दोन्ही चुका एका तराजूत घालू नका.

"आपल्याकडे ऊन, पाऊस, चढ." मान्य. मग सुतारदऱ्यातून, केळेवाडीतून रोज चालत आणि सायकलवर कामाला येणाऱ्यांना ऊन-पाऊस लागत नाही का? सायकल हा फॅन्सी हेल्मेटवाल्यांचा रविवारचा छंद आहे असं समजून आपण बोलतो. ज्यांच्यासाठी ती गरज आहे, ते सोसायटीच्या सभेत नसतात आणि फेसबुकवर भांडायलाही येत नाहीत.

"हे युरोपात चालतं." युरोपातही आपोआप चाललेलं नाही. नेदरलँड्समध्ये 1971 या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेच्या वर मुलं होती. तेव्हा तिथेही सायकली मागे पडून गाड्यांचं राज्य येत होतं. आईबाप रस्त्यावर उतरले, "मुलांची हत्या थांबवा" अशा नावाचं आंदोलन उभं केलं, रस्ते अडवून त्यावर मुलांना खेळायला बसवलं. आज तिथे जे दिसतं ते त्या भांडणातून आलंय. आपण तिथे ट्रिपला जाऊन सायकलींचे फोटो टाकतो आणि परत येऊन सायकल स्टँड काढायच्या ठरावाला हात वर करतो.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालायला योग्य, अडथळा नसलेला फुटपाथ हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आपण त्या हक्कावर एसयूव्ही लावून कव्हर घातलंय.

महापालिकेला, वाहतूक पोलिसांना शिव्या घालायच्या त्या घालूच. पण मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकाचा कारभार चालला, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी फुटपाथसाठी एक तरी अर्ज केला? आणि नगरसेवक दारात आले की आपण पहिलं काय मागतो? "साहेब, पार्किंगचं काहीतरी बघा." ते तेवढंच बघतात. दोष त्यांचा एकट्याचा नाही.

म्हणून मोठ्या गप्पा पुरे. मागण्या चारच आहेत, आणि त्या आपल्या आवाक्यातल्या आहेत.

एक, शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास शाळेसमोरच्या रस्त्यावर चारचाकी बंद. शंभर मीटर अलीकडे मुलांना उतरवा, पाय आहेत त्यांना. दोन, गल्ल्यांमध्ये एकाच बाजूला पार्किंग, दुसरी बाजू चालणाऱ्यांना आणि सायकलींना. तीन, मेट्रोच्या वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी आणि नळस्टॉप या स्टेशनांपर्यंत घरातून चालत जाता येईल असा सलग फुटपाथ. इतका पैसा ओतून मेट्रो आली, आणि तिथे पोचायला आम्ही पुन्हा गाडीच काढायची? चार, प्रत्येक सोसायटीत सायकलला छपराखालची जागा, आणि ती तिथे काम करणाऱ्यांनाही खुली.

पहिल्या मागणीचा अर्ज मी लिहून ठेवलाय. येत्या शनिवारी सकाळी साडेसात वाजता कर्वे पुतळ्यापाशी सह्या घेतो. गाडीने आलात तरी चालेल, फक्त लावाल कुठे ते आधी ठरवून या.

आणि आमच्या सोसायटीचा ठराव? सात धूळ खाणाऱ्या सायकली आम्ही तिघांनी मालकांना विचारून दुरुस्तीला दिल्या. त्यातल्या तीन गरजूंकडे जातील. उरलेल्यांसाठी जागा हवी म्हणून मी विशेष सभेचं पत्र दिलंय. तोपर्यंत माझी स्वतःची रस्त्यावरची पार्किंगची जागा, गेली नऊ वर्षं "माझी" समजत आलो ती, मोकळी ठेवतोय. गाडी लांबच्या पैसे देऊन लावायच्या पार्किंगमध्ये नेली. महिन्याला खिशाला लागतंय, आणि लागलंच पाहिजे.

काल पहाटे त्या जागेवर गाड्या पुसणाऱ्या मुलाची सायकल उभी होती. सात वाजता कोणीतरी ती बाजूला सरकवून आपली गाडी लावली.

शनिवारी या.