पाळीचा ताप आणि जीपचे इंजिन

पार बंद पडलेली गाडी परवडली, पण मनात येईल तेव्हा बंद पडणारी आणि मनात येईल तेव्हा सुरू होणारी गाडी नको, असे कोणताही जुना ड्रायव्हर सांगेल. पार बंद पडलेल्या गाडीला दोर बांधून गॅरेजात ओढून नेता येते; तिथे तिचा दोष मिस्तरीच्या समोर असतो. अधूनमधून बंद पडणारी गाडी मात्र गॅरेजच्या दारात अगदी शहाण्यासारखी वागते. मिस्तरी बॉनेट उघडतो, रेस देऊन पाहतो, गावाबाहेर एक चक्कर मारून आणतो आणि सांगतो, ‘काही नाही, गाडी ठीक आहे.’ मालक घराकडे निघतो आणि पहिल्याच चढावर इंजिन विझते.

शहरात असे झाले तर रिक्षा मिळते. धाराशिव जिल्ह्यात तसे नाही. २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले, गाड्यांच्या पाटीवरचे एमएच २५ तेच राहिले आणि भूम, वाशी, परंडा, कळंबकडच्या वाड्यावस्त्यांचे शेतरस्तेही बरेचसे तेच राहिले. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बालाघाटाच्या रांगेत चढउतार सुरू होतात. अशा रस्त्यावर रात्री-अपरात्री बाळंतपणाच्या बाईला किंवा साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचे, तर पुष्कळदा शेजाऱ्याची जीपच कामाला येते. नवरात्रात तुळजापूरला जाणारी कुटुंबेही अशाच गाड्यांत बसतात. उतारावर इंजिन बंद पडले आणि ब्रेकला व्हॅक्यूमची मदत असली, तर दोन-चार वेळा पाय दाबल्यावर ती मदत संपते आणि ब्रेक जड होतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. म्हणून ‘चालतंय तोवर चालवू’ हे धोरण इथे महागात पडू शकते.

तरीही आपल्याकडे या दुखण्यावर एकच उपचार चालतो : अंदाजाने भाग बदलणे. आज पेट्रोल पंप, पुढच्या आठवड्यात कॉइल, महिन्याने कार्बुरेटर. प्रत्येक वेळी गाडी चार दिवस बरी चालते, कारण ती तशीही चार दिवस बरी चालणारच होती! मग जुना चांगला भाग भंगारात जातो, नव्याची पावती घरखर्चाच्या वहीत चढते आणि रोग जिथल्या तिथे राहतो.

पूर्वी हिवतापाला ‘पाळीचा ताप’ म्हणत. एकाआड एक दिवस हुडहुडी भरायची आणि मधल्या दिवशी माणूस हिंडता-फिरता असायचा. जाणता डॉक्टर त्या माणसाला विचारायचा, ताप किती वाजता येतो, थंडी वाजून येतो का, घाम येऊन उतरतो का? आणि ताप चढला असताना रक्त तपासायला घ्यायचा. अधूनमधून बंद पडणाऱ्या इंजिनाचेही असेच आहे. ते चालू असताना तपासून फारसे हाती लागत नाही. बंद पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटे खरी मोलाची असतात आणि नेमक्या त्याच वेळी आपण चिडून सेल्फ मारत बॅटरी उतरवतो.

त्या दहा मिनिटांत काय पाहावे? आधी गाडी कशी मेली ते आठवावे. पेट्रोल जीप किल्ली फिरवल्यासारखी एकाएकी गप्प झाली, तर संशय विजेवर : कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, किल्लीचा स्विच, बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची पट्टी. झटके देत, अडखळत, दम लागल्यासारखी विझली, तर संशय इंधनावर. हा नियम शंभर टक्के खरा नसला, तरी अर्धे घर शोधण्याचे श्रम वाचवतो.

कॉइलचा दोष तर पाळीच्या तापासारखाच. आतली तार तुटायला आलेली असते किंवा तिचे आवरण कमकुवत झालेले असते. कॉइल तापली की ठिणगी जाते, अर्ध्या तासाने निवली की परत येते. म्हणून थंड कॉइल तपासून ‘चांगली आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. गाडी बंद पडल्या पडल्या जास्तीचा एक प्लग वायरला लावून, त्याचे अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून, कोरड्या फडक्याने धरून ठिणगी पाहावी. मात्र पेट्रोलची नळी उघडलेली असताना हा प्रयोग कदापि करू नये.

ठिणगी निळी आणि जोमदार असेल, तर इंधनाकडे वळावे. सर्वांत स्वस्त तपासणी टाकीच्या झाकणाची. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले, तर तेल धड पडत नाही. हवा आत जायला दुसरे भोक लागते, हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक असते. टाकीचेही तेच. झाकणातली हवेची वाट धुळीने बुजली, की पंप ओढतो आणि टाकीत पोकळी तयार होते. पेट्रोल येईनासे होते. बंद पडलेल्या गाडीचे झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दुखणे काही रुपयांचे आहे. (विडी आधी विझवावी, हे सांगायला नकोच.)

दुसरा चोर टाकीच्या तळाशी असतो. गंजाचा पापुद्रा किंवा चिंधी ओढीबरोबर नळीच्या तोंडाशी जाऊन चिकटते. इंजिन बंद पडले, ओढ थांबली, की आपोआप गळून तळाला बसते. मिस्तरी येतो तेव्हा वाट मोकळी! तिसरा चोर उन्हाळ्यातला : इंजिनाच्या आचेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ढकलता येत नाही. पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवून गाडी सुरू झाली, तर गुन्हेगार सापडला. त्या नळीला सायलेन्सरच्या पाइपापासून दूर न्यायचे, एवढाच उपाय.

डिझेल जीपचे शास्त्र थोडे निराळे. एमएम ५४० सारख्या गाडीत पर्जो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन येई. अशा जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. तिथे मुख्य संशयित हवा, पाणी आणि चोंदलेला फिल्टर. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीची गळती मोठी फसवी असते : इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. तिथे काही वेळ पारदर्शक नळी लावून बुडबुडे दिसतात का, ते पाहावे. नुसती एअर काढून गाडी सुरू करून दिली, तर ती चार दिवसांनी पुन्हा बंद पडणार, कारण हवा शिरण्याचे भोक तसेच आहे. शेतावर पिंपात साठवलेल्या डिझेलमध्ये पाणीही असते. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू वेळेवर सोडला, तर पुढचा खर्च टळतो.

नव्या गाड्यांत तरी ही कटकट संपली का? १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या. त्यांत इंजिनाचा कारभार कॉम्प्युटर पाहतो. स्कॅनर लावला की दोषाचा कोड दिसतो, आणि पुष्कळांना वाटते, आता डोके चालवायला नको. पण क्रँकचा सेन्सर तापल्यावर दगा देतो आणि निवल्यावर सुधारतो, ही खोड जुन्या कॉइलचीच. चेसिसला घासून सोललेली तार खड्ड्यात अर्धा क्षण टेकली, तर कोड येतो एका भागाचा आणि दोष असतो तारेत. कोड हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. आपल्याच ऊसपट्ट्यात त्याचे कारखाने आहेत, शेतकऱ्याला त्याचा आधारही आहे. पण इथेनॉल ओल शोषते आणि फार जुन्या जीपच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा त्यासाठी बनवलेले नव्हते. जुनी जीप बाळगणाऱ्याने हे रबर वेळीच बदललेले बरे.

आता थोडे कटू बोलायचे तर, अंदाजाने भाग बदलण्याचा दोष एकट्या मिस्तरीवर टाकता येत नाही. आपण त्याला पैसे कशाचे देतो? भागाचे आणि तो बसवण्याचे. दोन तास रस्त्यावर फिरून, बंद पडायची वाट पाहून, शेवटी ढिले टर्मिनल आवळून देणाऱ्याला आपण म्हणतो, ‘एवढंच तर केलंस, त्याचे कसले पैसे?’ मग तोही पुढच्या वेळी पंप बदलतो. त्यात त्याचा वेळ वाचतो आणि गिऱ्हाइकालाही काहीतरी केल्यासारखे वाटते. डॉक्टरला नाडी पाहण्याची फी देणारे आपण, दोष शोधण्याची मजुरी वेगळी द्यायला का कचरावे? आयटीआयमधून मोटर मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक होऊन मुले बाहेर पडतात. शोधण्याच्या कामाला मोल मिळाले, तर त्यांतली हुशार मुले ते शिकतील. नाही तर स्पेनर फिरवणारे पुष्कळ आणि विचार करणारे थोडे, अशी स्थिती होईल.

मालकाच्या हातातले काम त्याहून सोपे आहे. गाडीच्या कप्प्यात दहा रुपयांची वही आणि पेन्सिल ठेवावी. गाडी बंद पडली, की तारीख, किती किलोमीटर चालून, ऊन की पाऊस, चढ की खड्डा, टाकीत इंधन किती, एकाएकी की अडखळत, किती वेळाने सुरू झाली, एवढे लिहावे. दुरुस्ती करताना एका वेळी एकच भाग बदलावा आणि तेही वहीत टिपावे. चार-पाच नोंदी झाल्या की पुष्कळदा दोष आपोआप बोलू लागतो : दर वेळी टाकी पावभर असताना, दर वेळी दुपारीच, दर वेळी डावीकडे कलल्यावर. घरातल्या शाळकरी मुलाकडे ही वही सोपवली तरी चालेल. त्याचे विज्ञान पक्के होईल आणि मिस्तरीच्या हाती नुसत्या तक्रारीऐवजी चार कामाच्या ओळी पडतील.