बुटक्या कोंबड्यांचे निराळे खुराडे
कारंजा लाडसारख्या गावी, ज्याच्या परसात गावरान, कडकनाथ आणि गिरिराज यांचा मिश्र कळप नांदतो, त्याने हौसेने आणलेल्या शोभेच्या बँटम कोंबड्यांना त्याच खुराड्यात कोंडणे मला सर्वथा गैरवाजवी वाटते. कारण अर्धा-पाऊण किलोच्या त्या जिवावर तीन-चार किलोंचा गिरिराज कोंबडा वारंवार चढला, की पाठीवरची पिसे झडून लालभडक कातडी उघडी पडते, आणि दाण्याभोवती थोरल्यांचा अंमल बसला, की या चिमुकल्या उपाशीच निजतात. दिवसा त्यांनी खुशाल एकत्र चरावे. वैशाखाच्या दाहात पाण्याची भांडी मात्र दोन ठिकाणी असावीत. रात्रीचा बंदोबस्त निराळाच हवा: थोरल्या कोंबड्याची छाती अडेल इतके अरुंद दार आणि आत बसायला दांडी. एवढी तजवीज होत नसेल, तर बँटम आणूच नयेत.